जिवंत झऱ्याची विहीर

ठाकूरद्वारच्या ज्या वाडीत मी काही वर्षे भाड्याच्या खोलीत काढली, तिच्या मध्यावर एक विहीर होती. तिचे पाणी हिरवट होते. उन्हाळ्यात ते खाली गेले की दगडांवर बोटभर जाडीची बुळबुळीत साय उरे आणि तिला शिळ्या फुलांचा वास येई, कारण वाडीतल्या साऱ्या देवांचे निर्माल्य याच विहिरीत पडत असे. विहिरीत एक कासव होते. ते वर आले की बायका हात जोडत. कासव काय खाऊन जगते याची चौकशी कोणी केली नव्हती.

या पाण्याला वाडीत जिवंत पाणी म्हणत. विहिरीच्या तळाशी कधी न आटणारा झरा होता, आणि अशा झऱ्याला आपल्याकडे जिवंत झरा म्हणण्याची रीत आहे. झरा जिवंत म्हणून पाणी जिवंत. तानशाच्या तलावाचे पाणी शहरात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. वाडीच्या तोंडाशी नळ बसला होता, पण त्याच्या तोटीत चामड्याची चकती असते हे सर्वांना ठाऊक होते. त्या पाण्याने लोक भांडी घासत, घोडे धूत, आणि कोणी बघत नसेल तर पीतही असत. देवाला आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला ते चालत नसे.

गिरगावातल्या एका साप्ताहिकात मी त्या वेळी काम करीत होतो. विलायती पत्रांतून येणाऱ्या शास्त्रीय बातम्या मराठीत उतरवणे हे माझ्याकडे होते. धूमकेतू, ज्वालामुखी, समुद्राच्या तळाशी सापडलेले आंधळे मासे, निरनिराळ्या रोगांचे सूक्ष्म जंतू. वाचकांना धूमकेतू आवडत. जंतूंचा मजकूर संपादक बेताने घेत. आपले पत्र जेवणाच्या सुमारास घरी पोचते, असे त्यांचे म्हणणे होते.

वाडीच्या मालकांच्या घरी सोवळ्याचे पाणी भरायला एक विधवा बाई होत्या. मालकांच्या दूरच्या चुलत भावाच्या त्या बायको. नवरा गेल्यावर रत्नागिरीकडून आल्या त्या मालकांच्या स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत राहिल्या. वाडीतली सगळी माणसे त्यांना काकू म्हणत, वयाने मोठी होती तीही. काकूंनी पहाटे अंघोळ करून ओलेत्याने विहिरीवर जायचे, घरच्या देवांचे आणि चुलीचे पाणी आणायचे, आणि दुपारपर्यंत स्वयंपाक करायचा. याबद्दल त्यांना खोली आणि दोन वेळचे जेवण होते. त्यांना दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. परळच्या एका गिरणीत पुतण्या साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता, पण तो स्वतःच चार जणांत एका खोलीत राहत असे.

बाकीचे लोक रहाटावरून पोहऱ्याने पाणी काढीत. काकूंना ते चालत नसे. पोहऱ्याच्या दोराला अवघ्या वाडीचा हात लागलेला असे, त्यामुळे सोवळ्याचे पाणी दोराचे नको. विहिरीच्या एका अंगाला जुन्या पायऱ्या होत्या. त्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून, घागर थेट पाण्यात बुडवायची. वाडीतले सर्वांत शुद्ध पाणी ते हेच.

त्या वर्षी काकूंच्या घोट्यावर फोड आला, फुटला, आणि त्यातून नारूचे पांढरे टोक बाहेर आले.

नारू तेव्हा इतका घरोघरी होता की त्याची कोणाला लाज नव्हती. फोडातून दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकावतो, त्याचे टोक काडीला गुंडाळायचे, रोज थोडे थोडे ओढून काडीला वेढा द्यायचा. घाई केली की तो आतच तुटतो आणि मग पाय सडतो. आमच्या वाडीत ओट्यावर बसून पानाला चुना लावता लावता दुसऱ्या हाताने आपल्या पिंढरीतला नारू गुंडाळणारा गृहस्थ मी रोज पाहत असे. तो त्याच हाताने मला पान पुढे करी.

ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ एका तरुण डॉक्टरचा दवाखाना होता. नुकताच पास झालेला, घरचा बरा, आणि त्याच्याकडे स्वतःचे सूक्ष्मदर्शक होते. मराठी शब्दांसाठी तो माझ्याकडे येत असे. शास्त्र तो सगळे इंग्रजीत शिकला होता, आणि रोग्याशी मराठीत बोलायची वेळ आली की त्याची गाडी अडे. त्याला नारूचे वेड होते. नारू अंगात कसा शिरतो याबद्दल डॉक्टरांतच त्या वेळी दोन तट होते. एक पक्ष म्हणे, चिखलातून कातडीवाटे शिरतो. परदेशातल्या काही शोधकांनी दुसरी वाट दाखवली होती, आणि ती खरी असल्याचे हा डॉक्टर आपल्या टेबलावर पडताळून पाहत होता. नारूची मादी माणसाच्या पायातून तोंड बाहेर काढते आणि पायाला पाणी लागले की आपली पिल्ले त्यात सोडते. पाण्यात टाचणीच्या टोकाएवढी एक पिसू असते, ती ती पिल्ले गिळते. माणूस पाण्याबरोबर पिसू गिळतो. वर्षभराने नवा नारू त्याच्या पायातून बाहेर येतो. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंतचा हा प्रवास डॉक्टरने मला कागदावर काढून दाखवला. त्या आकृतीत विहीर मधोमध होती.

त्याला ताजा नारू हवा होता. मी काकूंचे नाव सुचवले, कारण त्यांचा पाय बरा व्हावा असे मला वाटत होते आणि तो फुकट बघणार होता.

काकू देवाला जाते असे घरी सांगून निघाल्या. मी पुढे आणि त्या बऱ्याच अंतराने मागे, असे आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरने त्यांना स्टुलावर बसवले, थंड पाण्याची एक चिनी मातीची थाळी खाली ठेवली आणि पाय तिच्यात ठेवायला सांगितले. थोड्याच वेळात फोडाजवळ पाण्यात दुधासारखा एक ढग उठला. डॉक्टरचा चेहरा खुलला. त्याने नळीने तो ढग उचलला, काचेवर घेतला, यंत्राखाली ठेवला आणि मला बोलावले. काच भरून वळवळत होती. बारीक शेपट्यांच्या त्या गर्दीत रिकामी जागा म्हणून नव्हती. मी लगेच बाजूला झालो.

काकूंनी बघायला मागितले. डॉक्टरला ते अपेक्षित नव्हते, पण त्याने भिंग त्यांच्या डोळ्याला जुळवून दिले. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

“ही कसली?” त्यांनी विचारले.

“तुमच्या पायातल्या नारूची पिल्लं.”

“रोज सकाळी पायरीवर उभी राहते तेव्हा हीच सुटतात?”

“हीच.”

काकूंनी पाय थाळीतून काढला आणि कोरड्या फरशीवर न ठेवता तसाच अधांतरी धरून ठेवला. मग म्हणाल्या, “देवाच्या पंचपात्रीत तेच पाणी असतं. मुलांच्या पेल्यात तेच.” डॉक्टर पुढे सांगत होता की नारू पुरता निघेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, पाय पाण्यात घालता कामा नये, पिण्याचे पाणी जाड फडक्यातून गाळून घ्यावे, आणि वाडीने त्या पायऱ्या बुजवल्या तर वर्षा-दोन वर्षांत तिथला नारू संपेल. हे सारे इतके सोपे होते की ऐकतानाच वाईट वाटावे. काकूंनी एकच गोष्ट मागितली. हे त्यांनी स्वतः घरी सांगितले असते तर कामाचा कंटाळा केला असा अर्थ झाला असता, आणि मालकिणीच्या माहेरची एक विधवा बहीण जागेची वाटच पाहत होती. तेव्हा डॉक्टरांनी वाडीत येऊन साऱ्यांसमोर सांगावे, मात्र काकूंच्या पायाचा उल्लेख करू नये. विलायती विजार घातलेल्या माणसाचे मालक ऐकतील, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टरने कबूल केले. आम्ही निघालो तेव्हा त्याने ती थाळी कोणाला हलवू दिली नाही.

व्याख्यान रविवारी दुपारी वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात ठेवले. सूक्ष्मदर्शकाची पेटी चामड्याची होती, ती पायरीखाली राहिली, आणि डॉक्टरने यंत्र एका धुतल्या धोतराच्या घडीत गुंडाळून आत आणले. यंत्राला विहिरीतल्या कासवाइतका तरी मान मिळाला. काचेवरचा विहिरीच्या पाण्याचा थेंब बघायला लोक रांगेने येऊन भिंगात डोकावले. बऱ्याच जणांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या आणि त्यांनी त्या विहिरीतल्या प्राण्यांच्या म्हणून वर्णन केल्या. ज्यांना पिसू दिसली त्यांना ती आवडली. तिला मधोमध एकच डोळा असतो आणि मागे अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात.

“एकाक्ष आहे लेकाचा,” मालक म्हणाले. “दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजाराला निघालाय.”

“उधार द्यायचं नाही म्हणावं,” मागून कोणी बोलले, आणि मंडप हसला.

डॉक्टरने बोलायला सुरुवात केली तेव्हा लोक खुशीत होते. त्याने पिसू सांगितली, पिल्ले सांगितली, पोटातला प्रवास सांगितला. ते लांबले. काही शब्द इंग्रजी होते. लोकांचे लक्ष उडाले हे पाहून त्याने सोपे करून सांगायचे ठरवले. मला त्याच्या चेहऱ्यावरून ते कळले.

तो म्हणाला, “थोडक्यात सांगायचं म्हणजे, तुमच्या ह्या विहिरीचं पाणी जिवंत आहे. नळाच्या पाण्यात असलं काही नाही.”

सगळीकडून माना डोलू लागल्या. मालक उठून उभे राहिले. आमचे वडील आणि आजोबा जे सांगत आले तेच आज यंत्रात दिसले, असे ते म्हणाले. नळाच्या पाण्यात काही नाही हे तर आम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

डॉक्टर गोंधळला. म्हणजे जीव आहेत त्यात, जीव, ते पोटात जातात, असे तो सांगू लागला.

“जाणारच,” मालक म्हणाले. “जिवंत पाणी प्यालं तर पोटात जीव जाईल, नाही तर काय दगड जाईल?”

हशा झाला. डॉक्टरने आवाज चढवला आणि विहिरीला घाण म्हटले. हा शब्द मात्र सर्वांना कळला. ज्या पाण्यात देवाची फुले पडतात त्याला देवळात बसून घाण म्हणणे कोणालाच रुचले नाही, आणि मागच्या बाजूला दोघे-तिघे उठले. मालक मात्र जुने, मुरलेले गृहस्थ होते. डॉक्टर बोलून दमले आहेत, असे म्हणून त्यांनी काकूंना पन्हे आणायला सांगितले.

काकू चांदीच्या पेल्यातून पन्हे घेऊन आल्या. पन्हे गार पाण्यात करतात. गार पाणी त्या घरात एकाच ठिकाणचे होते. मंडपातली सगळी माणसे डॉक्टरकडे पाहत होती. काकूंनी पदर पुढे ओढून घेतला होता, पण त्यांचे डोळे पेल्यावर होते. यजमानाने भर सभेत दिलेला पेला परत करणे म्हणजे त्याच्या घराला नाव ठेवणे. डॉक्टरने खिशातून हातरुमाल काढला. तो पेल्यावर धरून गाळला असता तर त्याच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा अधिक लोकांना कळले असते. त्याने रुमालाने कपाळ पुसले, रुमाल खिशात ठेवला, आणि पन्हे पिऊन टाकले.

“प्याले,” मालक सभेला म्हणाले. “स्वतः प्याले.”

रस्त्यात डॉक्टर मला म्हणाला की पाणी उकळलेले असावे असे तो धरून चालला होता. पन्हे कशात करतात हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक होते.

मी व्याख्यानाची हकीकत लिहिली. पिसू, पिल्ले, फडके, पायऱ्या, सगळे साध्या शब्दांत दिले, आणि जिवंत हा शब्द एकदाही वापरला नाही. संपादकांनी तो मजकूर धूमकेतूच्या बातमीखाली छापला. वाडीत तो कोणी वाचल्याचे ऐकले नाही. त्याऐवजी मालकांनी रंगारी बोलावून विहिरीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घेतले: सूक्ष्मदर्शक यंत्राने डॉक्टरांनी तपासलेले जिवंत पाणी. मग शेजारच्या वाड्यांतूनही बायका कळशा घेऊन येऊ लागल्या. एक आजारी म्हातारे गृहस्थ रोज तांब्याभर नेत. त्यांना गुण येतो आहे, असे त्यांचा मुलगा सांगे.

काकूंनी शेवटी स्वतःच मालकिणीकडे विषय काढला. हे मी माझ्या खोलीतून ऐकले. मध्ये एक फळ्यांची भिंत होती. काकू सांगत होत्या की महिनाभर पाणी दुसऱ्या कोणी भरावे, त्या स्वयंपाक दुप्पट करतील, धुणे धुतील, पण पाय पाण्यात घालायला नको. त्या पिल्लांचेही बोलल्या. आपण डोळ्यांनी पाहिले असे म्हणाल्या.

“नारू काय जगात तुम्हालाच झालाय?” मालकीण म्हणाली. “आणि पाण्यात काही वाईट असतं तर डॉक्टर सगळ्यांदेखत प्याला असता का? नखाएवढ्या भोकासाठी घरातलं सोवळं बुडवू का मी? जमत नसेल तसं सांगा. माझी बहीण उद्या येईल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे घागर पाण्यात बुडल्याचा आवाज नेहमीसारखा आला. मात्र त्यांनी त्यानंतर स्वतःपुरते पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला सुरुवात केली, आणि मुलांचे पेलेही त्या लपून गाळूनच भरीत. सोवळ्याच्या पाण्याला फडके लागते हे कळले असते तर बोलणी बसली असती.

मग मालकिणीच्या सोळा सोमवारांचे उद्यापन आले. ब्राह्मण, सवाष्णी, वाडीतली निम्मी माणसे जेवायला. सारे पाणी सोवळ्याचे हवे. पहाटेपासून काकूंच्या पायऱ्यांवर फेऱ्या चालल्या होत्या. नारू त्या वेळी अर्धाअधिक बाहेर आला होता, काडीला गुंडाळून घोट्याला चिंधीने बांधलेला. शेवटच्या ओल्या पायरीवर पाय सरकला, घागरीची कड घोट्याला घासली, आणि काडी निघून पाण्यात पडली. काडीबरोबर नारूचा बाहेरचा तुकडाही गेला. उरलेला तुटून आत राहिला.

काकूंनी भरलेली घागर घरात नेऊन ठेवली आणि मग बसल्या. पंगती उठेपर्यंत त्यांच्या पायाकडे कोणी पाहिले नाही. संध्याकाळी घोटा सुजेत दिसेनासा झाला होता. वैद्याने लेप दिला. दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत तट्ट फुगला आणि त्याला वास येऊ लागला. स्वयंपाकघरामागे ती घाण नको म्हणून मालकिणीने त्यांना अंगणापलीकडच्या लाकडांच्या खोलीत हलवले. तिथे मी डॉक्टरला घेऊन गेलो. त्याने चिंधी सोडली तेव्हा आतून जे वाहिले त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. लाकडांच्या ढिगावर बसलेल्या माश्या उठून पायावर आल्या. डॉक्टर तोंडाला रुमाल लावून म्हणाला की आजच इस्पितळात न्यायला हवे, नाही तर पाय जाईल, आणि पायावरही भागणार नाही.

गाडी त्याने आणली, शेजारी बसून तोच घेऊन गेला, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी भांडून त्याने काकूंना खाट मिळवून दिली. हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पाय कापला त्या दिवशी पुवातून निघालेला नारूचा तुकडा त्याने काचेच्या नळीत दारूत घालून ठेवला हेही सांगितले पाहिजे. पुढे त्या नळीवर वाडीचे नाव आणि ‘स्त्री, विधवा’ एवढे लिहिलेले मी पाहिले. पाय कापला म्हणजे चिरला. तो वाचला, पण गुडघा वाकेनासा झाला.

इस्पितळात पाणी नळाचे. काकूंनी पहिल्या दिवशी पाण्याला हात लावला नाही. शहाळे त्यांना चालत होते, म्हणून मी रोज कचेरीतून सुटल्यावर शहाळी घेऊन जाऊ लागलो. त्यांना ताप भरपूर होता. ओठ फुटले होते. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा आदल्या दिवशीचे शहाळे तसेच खाटेखाली होते आणि उशाला इस्पितळाचा कल्हई उडालेला पेला रिकामा होता. त्यांनी मला शहाळी पुन्हा आणू नका असे सांगितले. माझ्यादेखतच त्यांनी तो पेला पुन्हा भरून मागितला, उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि प्याल्या.

बरे वाटल्यावर त्यांना घरी सोडले. मी त्यांना घोडागाडीतून वाडीत आणले. काठीवर भार देत, ताठ पाय बाजूला काढत त्या अंगणात आल्या तेव्हा मालकिणीची बहीण नुकतीच ओलेत्याने पाणी भरून आत गेली होती. तिच्या पावलांचे ओले ठसे मागच्या दारापर्यंत होते. वाडीतल्या बायका ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. मालक बाहेर आले. त्यांचा विचार काकूंना हाकलून देण्याचा नव्हता. एक विधवा भावजय आजारातून उठल्यावर दारातून परत पाठवली, असे त्यांना म्हणवून घ्यायचे नव्हते. वाटण-निवडण करायला, मुले सांभाळायला घरात जागा होती. फक्त एक प्रश्न निकालात निघायला हवा होता.

“काकू, तुम्ही आपल्याच,” मालक म्हणाले. “तिथं शिवाशीव झाली असेल, त्याला पंचगव्य आहे. पण पाणी काही घेतलं नाहीत ना? हे रोज शहाळी नेत होते, असं कळलं.” एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

कोणते उत्तर हवे आहे ते अंगणातल्या सर्वांना कळत होते. मला नुसती मान हलवायची होती. काकूंना तेवढेही करायचे नव्हते, त्या गप्प राहिल्या असत्या तरी चालले असते. मी काकूंकडे पाहिले.

“शहाळी तिसऱ्या दिवशी सोडली,” त्या म्हणाल्या. “नळाचं पाणी प्याले, भावजी.”

मालकीण दारातून पुढे आली. तिचा स्वर नरम होता. “तापात घेतलं असेल एखादा घोट. औषधाबरोबर. औषधाला दोष नसतो.”

“घोट नाही, जाऊबाई. पोटभर प्याले. रोज.” काकूंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “आणि इथलं आता मला प्यायचं नाही.”

मालकांनी काही क्षण वाट पाहिली. काकू आणखी काही बोलतील, रडतील, क्षमा मागतील, अशी त्यांची समजूत असावी. मग त्यांनी गड्याला सांगून काकूंची पत्र्याची ट्रंक बाहेर आणवली. ती आधीच बांधून ठेवलेली होती. मालक भिंतीवरच्या अक्षरांकडे पाठ करून उभे होते. एवढ्या यंत्राने पाहून झाल्यावरही माणसाने हट्ट धरावा याचे आपल्याला नवल वाटते, असे ते मला हळू आवाजात म्हणाले. आमचे बोलणे तेवढेच झाले. पुढच्या महिन्यात मी ती खोली सोडली.

काकूंनी परळला जायचे ठरवले. पुतण्याच्या खोलीत चार जण होते, त्यांना दोन वेळा भाकरी करून घालणारे माणूस हवेच होते, आणि तिथे चाळीच्या दारात नळ होता. गुडघा वाकत नसताना चुलीपुढे कसे बसणार, असे मी विचारले. पाय लांब करून बसेन, असे त्या म्हणाल्या. त्यांना गाडीत चढवायला मला आणि गाडीवानाला दोघांनाही हात लावावा लागला, आणि त्यांनी तो लावू दिला.

गाडी वाडीच्या तोंडाशी वळली तेव्हा मी मागे पाहिले. काकू जिथे उभ्या होत्या ती फरशी धुऊन घ्यायला मालकीण सांगत होती, आणि त्या पाण्यासाठी तिची बहीण घागर कमरेवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत होती.